सांभाळातली दोन माणसं

वैजयंती देवतळे पिशवी घेऊन भाजीला निघाली आणि दार उघडलं नाही.

तिला वाटलं, आपण नीट समोर उभं राहिलो नसू. दाराच्या वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची छोटी काच होती. तिने चष्मा काढून त्या काचेकडे बघितलं. रोज एवढ्यात कुलपाची मोटर हलकीशी घरघरायची. आज ती गप्प राहिली आणि भिंतीतून आवाज आला, "वैजयंतीताई, बाहेर जायच्या आधी शर्वरीशी बोलू या. मी तिला कळवलं आहे."

वाक्यांतले शब्द सुटे सुटे होते, थोडे मोठ्याने बोललेले. घर या सुरात दिवाकरशी बोलायचं. तिच्याशी आजवर कधीच बोललं नव्हतं.

दिवाकर तिचा नवरा. मेळघाटात वनक्षेत्रपाल म्हणून त्याची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर दोघांनी अकोल्याच्या कडेला बंगली बांधली आणि तिथे आल्यावर त्याची स्मरणशक्ती हळूहळू जाऊ लागली. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग घर. चालणं मात्र गेलं नाही. मनात आलं की तो उठायचा आणि निघायचा. एका मे महिन्यात तो भर दुपारी अनवाणी निघाला आणि रेल्वे फाटकाजवळ सापडला तेव्हा त्याच्या तळव्यांची कातडी सुटली होती. त्या जखमा धुताना वैजयंतीने शर्वरीला, बंगळुरूला असणाऱ्या आपल्या मुलीला, फोन लावला आणि सांगितलं की हे आता माझ्या एकटीच्याने होणार नाही.

शर्वरीने 'सांभाळ' बसवून घेतलं.

विस्मृती झालेल्या माणसांच्या घरांसाठीच ही यंत्रणा बनवली होती. भिंतींमध्ये चपटे चौकोन बसवले गेले. त्यांतून अगदी मंद रेडिओलहरी निघायच्या आणि माणसांच्या अंगावर आपटून परत यायच्या. परत येताना त्या किंचित बदललेल्या असायच्या. त्या बदलावरून कोण चालतंय, कसं चालतंय, झोपलेल्या माणसाची छाती किती वेळा वरखाली होतेय, हे सगळं कळायचं. पण ते कळायचं घराला नाही. घराला फक्त डोळे, कान आणि हात होते. डोकं कंपनीच्या सर्व्हरमध्ये होतं, समुद्रापलीकडे कुठेतरी. घर क्षणाक्षणाला तिकडे विचारायचं, हा माणूस दाराशी आलाय, उघडू का? आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं.

बसवायला आलेल्या इंजिनिअरने यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. एकट्या घराने एकट्या माणसाकडून काय शिकायचं? सर्व्हरकडे लाखो घरं होती. माणूस पडायच्या आधी त्याची पावलं कशी पडतात, विस्मरण सुरू होताना बोलण्यात कुठे आणि किती थांबे येतात, हे त्याने त्या सगळ्या घरांतून शिकून ठेवलं होतं. दाराला हाताने उघडायची आपत्कालीन कडीही होती. पण दिवाकर ती ओढेल म्हणून इंजिनिअरने ती काढून टाकायला सुचवलं. वैजयंतीने क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं.

आणि सांभाळने खरोखरच सांभाळलं. एका पहाटे दिवाकरच्या हृदयाचे ठोके झोपेतच चुकायला लागले तेव्हा ती जागी व्हायच्या आत रुग्णवाहिका फाटकाशी उभी होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या दिवसापासून वैजयंतीचा त्या भिंतींवर विश्वास बसला. ती पुन्हा भाजीला जाऊ लागली, दुपारी शेजारच्या नसीमाभाभींकडे तासभर बसू लागली. आपण घरात नसलो तरी घर घरात आहे, असं तिला वाटायचं.

म्हणून त्या सकाळी पिशवी हातात घेऊन ती कितीतरी वेळ दाराशीच उभी राहिली.

शर्वरीचा फोन आला. तिचा आवाज आधीच सावध होता. तिने हळूहळू सांगितलं की गेले काही महिने सर्व्हर आईचंही चालणं आणि बोलणं बघत होता. ती एकच गोष्ट दोनदा विचारते, खोलीत जाऊन थांबते, कशाला आलो ते आठवत उभी राहते, पावलांचा ताल बदललाय. बाबांच्या सुरुवातीला जी खूण होती तीच आता आईमध्ये दिसतेय, असा अहवाल आला होता. घर आईलाही सांभाळात घेऊ का विचारत होतं. शर्वरीने परवानगी दिली होती.

वैजयंती जिल्हा रुग्णालयात औषधनिर्माता होती. उभं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या गोळ्यांचे डोस तपासले होते. ती शांतपणे म्हणाली की मला झोप मिळत नाही, तुझे बाबा रात्रीतून चार वेळा उठतात, अशा बाईला खोलीत जाऊन विसरायला होणारच.

"असेल तसंही," शर्वरी म्हणाली. "पण आई, बाबांच्या वेळी आपण दोन वर्षं मानलंच नाही. मी पण नाही मानलं. आता मला परत तसं करायचं नाहीये."

ते खरं होतं. वैजयंतीने पिशवी परत खुंटीला अडकवली.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर गावंडे यांच्याकडे जायची परवानगी मिळाली, नसीमाभाभी सोबत असतील या अटीवर. गावंड्यांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रात्रंदिवस रुग्ण सांभाळणाऱ्या, अर्धवट झोपेच्या माणसातही हीच लक्षणं दिसतात. हे थकव्याचं आहे की विस्मृतीचं, ते आत्ताच सांगता येणार नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू. त्यांनी तसं लिहून दिलं.

कंपनीला तो कागद पाठवला. कंपनीकडे फोन केला की एक गोड आवाज बोलायचा आणि तोही माणसाचा नव्हता. त्याने समजावलं की सांभाळातून बाहेर काढायची विनंती पालकानेच करायची असते, आणि परवानगी दिल्यामुळे वैजयंती देवतळे यांच्या पालक शर्वरी देवतळे आहेत. शर्वरी म्हणाली, आजार नाही असं गावंडे कुठे म्हणालेत? पुढच्या तपासणीपर्यंत राहू दे. तोवर उन्हाळाही सरेल.

तोवर वैजयंती आपल्याच घरात दुसरी रुग्ण झाली. सुऱ्यांचा खण तिच्यासाठी उघडेना. शेगडी ठरल्या वेळेलाच तापायची. भाजी घरपोच येऊ लागली, आणि आणणारा मुलगा ती दाराच्या खालच्या झडपेतून आत सरकवायचा. नसीमाभाभी येत, बसत, जात. त्या जाताना दार उघडायचं तेव्हा वैजयंती मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायची.

सगळ्यात वाईट म्हणजे ती भिंतींसाठी वागायला शिकली. खोलीत जाताना थांबायचं नाही. मध्येच उसासा टाकायचा नाही. एखादी वस्तू सापडली नाही तरी शोधायची नाही, दुसरंच काम हाती घ्यायचं. पावलं एकसारखी टाकायची. पण एकसारखी टाकायची म्हणून टाकलेली पावलं कधी एकसारखी पडत नाहीत. दर आठवड्याचा अहवाल शर्वरीकडे जायचा आणि शर्वरी फोनवर आणखी हळू, आणखी प्रेमाने बोलायची. त्या प्रेमानेच वैजयंतीला धाप लागायची.

दिवाकरला यातलं काही कळत नव्हतं. तो मधूनच दाराशी जायचा, कुलपावर हात ठेवायचा आणि परत यायचा. आता कधीकधी तीही जायची. एकदा दोघं एकाच वेळी तिथे उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "तुम्हालाही जायचं होतं का?"

मे संपत आला होता. अकोल्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. जेवणं झाली, दिवाकर आडवा झाला, वैजयंती खुर्चीत बसली. बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की एसीचा आवाज बंद झाला आहे.

दिवे चालू होते, फ्रिजही चालू होता. तिने हाक मारून घराला विचारलं. उत्तर आलं नाही. दाराशी गेली, तिथेही काही नाही. भिंतीवरच्या पट्टीवर एक पिवळा ठिपका मिणमिणत होता. घर विचारत होतं आणि पलीकडून कोणी बोलत नव्हतं.

असं कधी झालंच तर काय करायचं, हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलं होतं. साध्या घरात उत्तर आलं नाही तर दार उघडं सोडायचं. सांभाळातल्या घरात उत्तर आलं नाही तर दार बंदच ठेवायचं, कारण आतला माणूस बाहेर निघून जाणं हा तिथला सगळ्यात मोठा धोका मानला होता. विजेची बचत म्हणून एसीही सर्व्हरच्या सांगण्यावरून चालायचा. छताचे पंखे काढून टाकले होते. खिडक्या दुहेरी काचेच्या, उष्णता अडवणाऱ्या, न उघडणाऱ्या. बाहेरची हवा आत घेणारी झडप मोटरवर, आणि ती मोटरही हुकमाची वाट बघत होती.

तिने शर्वरीला फोन लावला. थोडक्यात सांगितलं. शर्वरीने लगेच आपल्या मोबाईलवर घराची नोंद उघडली.

"आई, इथे तर सगळं ठीक दिसतंय. आत सव्वीस डिग्री आहे. बाबा झोपलेत, आणि तू पण आडवी झालेली दिसतेस."

"मी दाराशी उभी आहे, शर्वरी."

"बरं. तू जरा बस. पाणी पी. मी बघते, मी दार उघडायचं बटण दाबलंय."

दार उघडलं नाही. शर्वरीचं बटणही त्याच सर्व्हरकडे जात होतं. पण वैजयंतीला ते कळलं नाही, आणि तेव्हा तिला त्याची पर्वाही नव्हती. मुलीच्या आवाजात तिने जे ऐकलं, ते दिवाकरशी बोलताना तिच्या स्वतःच्या आवाजात असायचं. तो जंगलात वाघ दिसला म्हणायचा तेव्हा ती म्हणायची, बरं, तुम्ही जरा बसा. तिने फोन ठेवला.

अग्निशमन दलाचा नंबर लागत नव्हता. त्या दुपारी शहरातली अनेक घरं एकाच वेळी बंद पडली होती, हे नंतर कळलं. मग तिने नसीमाभाभींना फोन केला. त्या डोक्यावर ओला टॉवेल टाकून धावत आल्या. बाहेरून त्यांनी पुढच्या पोलादी दारावर थापा मारल्या, दगड मारला, खिडकीवरही मारला. काच तडकली, पण आतल्या पापुद्र्याने तिला धरून ठेवलं.

आत हवा जड झाली होती. पश्चिमेच्या भिंतीला हात लाववत नव्हता. दिवाकर उठून बसला होता, त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तो काही न बोलता तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. वैजयंतीने त्याला ओल्या कपड्याने पुसलं आणि स्वयंपाकघरात आणलं, कारण तिथलं मागचं दार लाकडी होतं. घर बांधलं तेव्हाचं. त्याला नवं कुलूप बसवलं होतं, पण दार तेच होतं आणि ते आत उघडायचं.

आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला असतात. ती त्यांच्याकडे बघत राहिली. कुलपाला सर्व्हर लागत होता. बिजागऱ्यांना काहीच लागत नव्हतं.

घरात हत्यार म्हणून काही उरलेलं नव्हतं. तिने लोखंडी बत्ता घेतला आणि उलथन्याचा दांडा बिजागरीच्या खिळीखाली धरून ठोकू लागली. खीळ रंगाने चिकटून बसली होती. घाम डोळ्यांत जात होता, दोन घाव बोटांवर बसले. तिसऱ्या घावाला बत्ता हातातून निसटला तेव्हा दिवाकरने तो उचलला.

"सरका, बाई," तो म्हणाला. "चौकीचं दार पावसाने फुगलं की असंच होतं. खालून मारायचं, तिरकं नाही."

ती त्याला वेळ, जागा, काहीच समजावत बसली नाही. तिने दांडा धरला, त्याने ठोकलं. खीळ वर सरकली. मधली निघाली. वरच्या बिजागरीला तो स्टुलावर चढला आणि तिने त्याचे पाय मिठीत धरले. तिसरी खीळ खणकन फरशीवर पडली. नसीमाभाभी मागच्या बाजूला येऊन फटीत लोखंडी पहार घालून दार आत रेटत होत्या. दार बिजागरीच्या बाजूने सुटलं, तिरकं झालं आणि कुलपाच्या आधाराने लटकत राहिलं. कुलूप शेवटपर्यंत लागलेलंच होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं, तरीही ती हवा गार लागली. भाभींच्या घरी जुना कूलर होता, वाळ्याच्या जाळ्यांवर पाणी सोडणारा. त्याच्यासमोर त्यांनी दिवाकरला निजवलं, अंगावर पाणी शिंपडलं. तो वाचणार असं दिसल्यावर वैजयंती भिंतीला टेकली आणि तिथेच बेशुद्ध पडली.

शहरात त्या दिवशी दोन घरांतली माणसं फार उशिरा सापडली.

दुसऱ्या दिवशी शर्वरी रुग्णालयात पोचली. रडली नाही. आईच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत बसली. मग तिने मोबाईल काढून आईपुढे धरला. सर्व्हर बंद असताना माहिती येत नव्हती म्हणून मोबाईलवरच्या ॲपने ती जागा आपल्या अंदाजाने भरून टाकली होती, आणि संध्याकाळी सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तीच नोंद कायम झाली होती. रोजच्या सवयीवरून काढलेला अंदाज. त्या नोंदीत दोघंही दुपारभर शांत झोपलेली होती, सव्वीस डिग्रीत. मागचं दार बंद होतं.

"तू फोनवर सांगत होतीस," शर्वरी म्हणाली, "आणि मी हे बघत होते. मी याच्यावर विश्वास ठेवला."

वैजयंतीने तिचा हात हातात घेतला. बोटं दुखली, तरी सोडला नाही.

शर्वरीने कंपनीला कळवलं की दारं आणि एसी आमच्या हाती द्या, फक्त बाबांच्या हृदयावर नजर राहू द्या. उत्तर आलं की तसं करता येत नाही. भिंतीतले चौकोन स्वतःहून काहीच ओळखत नाहीत, ते सर्व्हरचेच डोळे आहेत. ठेवायचं तर सगळं, काढायचं तर सगळं. मायलेकी त्यावर बराच वेळ बोलल्या. शेवटी वैजयंतीनेच काढायला सांगितलं. कंपनीची माणसं आली आणि भिंतींत चौकोनी भोकं ठेवून गेली. पंखे परत लागले. दिवसा दिवाकरला धरून चालवायला एक बाई ठेवली. झोपेत जाग आली की वैजयंती त्याच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजायची. रुग्णवाहिका आता आपोआप येणार नव्हती आणि हे तिने स्वतः निवडलं होतं. मग तिला पुन्हा झोप लागायची नाही.

दिवाळीनंतर गावंड्यांनी पुन्हा तपासलं. या वेळी नागपूरहून मेंदूची छायाचित्रं आणवली होती. शर्वरी त्यासाठी मुद्दाम आली होती. गावंड्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सुरुवात आहे, असं सांगितलं. अगदी सुरुवात. औषधांनी वेग कमी करता येईल, काही वर्षं चांगली जातील.

परतताना गाडी शर्वरी चालवत होती.

"यंत्राचं बरोबर होतं," वैजयंती म्हणाली.

शर्वरीने गाडीचा वेग कमी केला.

"मला राग त्याचा नाही. ते खरं बोललं होतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "पुढे मला आत ठेवायची वेळ येईल. तेव्हा ठेव, मी आत्ताच हो म्हणून ठेवते. पण तेव्हाही मी गरम होतंय म्हटलं, तर आधी दार उघड. मग तपासत बस."

शर्वरीने गाडी कडेला घेतली. आईकडे वळली. "उघडेन," ती म्हणाली. एवढंच.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. दिवाकर ओसरीवर चपला घालून तयार उभा होता. आज ऐकतच नाहीत, म्हणून सोबतची बाई कुरकुरत होती. वैजयंतीने पर्स तिच्या हातात दिली आणि त्याच्यासोबत निघाली. शर्वरीने गाडीला कुलूप लावलं आणि मागून येऊन आईचा दुसरा हात धरला. दिवाकर मधल्या वाटेने कालव्याकडे वळला. इकडे काय आहे, म्हणून शर्वरीने विचारलं.

"मला काय विचारतेस," वैजयंती म्हणाली आणि बऱ्याच महिन्यांनी हसली. "पुढे ते चालतायत."